दिवा विझला, पण दोष गेला का?

मोटारीत चालकाच्या शेजारी बसण्याची संधी मिळाली, तर किल्ली फिरवताच चालकासमोरच्या फळीकडे नीट पहा. एंजिन सुरू होण्यापूर्वी तेथे एकदम पाच-सहा छोटे दिवे पेटतात. त्यांतला एक पिवळा असतो व त्याचा आकार एंजिनाच्या बाह्यरेषेसारखा असतो. एंजिन सुरू झाले की थोड्याच वेळात तो विझतो आणि मग विझलेलाच राहावा अशी अपेक्षा असते. यालाच 'चेक एंजिन' दिवा म्हणतात. किल्ली फिरवल्यावर तो क्षणभर पेटतो तो स्वतःची परीक्षा देण्यासाठी. दिवाच बिघडला असेल, तर तो इशारा कसा देणार?

हा दिवा चालत्या गाडीत पेटला, तर एंजिनात किंवा त्याच्या धुराच्या मार्गात काही तरी बिघडले आहे असे समजावे. पण पुष्कळदा मोठी गंमत होते. दिवा सोमवारी पेटतो, दोन-तीन दिवस पेटलेला राहतो आणि गुरुवारी आपोआप विझतो. गाडी पूर्वीसारखीच चालत असते. मालक म्हणतो, "बरं झालं, बिघाड आपला आपणच गेला." तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा हजर! गाडी गॅरेजमध्ये न्यावी, तर नेमका त्याच दिवशी तो विझलेला असतो. मेकॅनिक म्हणतो, "आत्ता तर सगळं ठीक दिसतंय, पुन्हा पेटला की आणा."

जो दोष सतत हजर असतो तो शोधणे सोपे असते. जो येतो आणि जातो, तो शोधताना चांगल्या मेकॅनिकचीही परीक्षा होते. पण हा दिवा लहरी नाही. तो केव्हा पेटावा आणि केव्हा विझावा याचे नियम ठरलेले आहेत. ते नियम आणि पदार्थविज्ञानाची थोडी माहिती एवढे भांडवल असले, तर लपणारा दोषही पकडता येतो. कसा ते आपण पाहू.

हा दिवा आला कोठून?

या दिव्याची कथा अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात सुरू होते. १९४० नंतरच्या दशकात या शहरावर तपकिरी धुरके पसरू लागले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते.

पुढे धुरावर कायद्याची बंधने आली. पण एक अडचण राहिली. नवी मोटार स्वच्छ धूर सोडते, परंतु चार-पाच वर्षांनी एखादा भाग बिघडला आणि धूर वाढला, तर ते मालकाला कळणार कसे? गाडी तर चालतच असते. म्हणून मोटारीने स्वतःचीच तपासणी करावी अशी कल्पना पुढे आली. कॅलिफोर्नियात १९८८ सालच्या मोटारींपासून अशी साधी व्यवस्था सक्तीची झाली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना त्याहून सविस्तर अशी एकसारखी व्यवस्था लागू झाली. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी ती २००१ पासून आली. आपल्याकडे ती भारत स्टेज-४ मानकांबरोबर टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी ती अधिक कडक केली.

याचा अर्थ ध्यानात घ्या. हा दिवा मुख्यतः धुरावर नजर ठेवण्यासाठी आहे. म्हणूनच गाडी सुरळीत चालत असतानाही तो पेटू शकतो.

संगणक काय पाहतो?

मोटारीत एंजिनाचा कारभार पाहणारा एक छोटा संगणक असतो. अनेक संवेदक, म्हणजे सेन्सर, त्याला सतत माहिती पुरवतात. किती हवा आत जाते, पाणी किती तापले आहे, चालकाने पाय किती दाबला आहे, अशा गोष्टी त्याला दर क्षणी कळतात. त्यांपैकी दोन संवेदक आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

पहिला ऑक्सिजन संवेदक. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा यापेक्षा जास्त झाली, तर धुरात ऑक्सिजन उरतो. पेट्रोल जास्त झाले, तर ऑक्सिजन जवळजवळ संपून जातो. धुराच्या नळीत बसवलेला झिर्कोनियाचा संवेदक बाहेरच्या हवेतील व धुरातील ऑक्सिजनची तुलना करतो आणि त्या फरकानुसार विद्युत्‌दाब निर्माण करतो. ऑक्सिजन उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, संपला असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेला असा संवेदक १९७६ मध्ये प्रथम व्होल्वो मोटारीत बसवला गेला. त्याच्या सांगण्यानुसार संगणक पेट्रोल थोडे कमी किंवा थोडे जास्त करीत राहतो.

दुसरा संवेदक एंजिनाच्या मुख्य दांड्याची, म्हणजे क्रँकची, गती मोजतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करते असे समजू. म्हणजे सेकंदाला ५० फेरे झाले. चार सिलिंडरच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ व एकूण १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकला एक धक्का मिळतो. एखादे ज्वलन चुकले, तर तेवढा धक्का मिळत नाही आणि क्रँकची गती किंचित मंदावते. गॅरेजच्या भाषेत याला 'गाडी मिसिंग करते' असे म्हणतात. आपल्याला एखादे चुकलेले ज्वलन जाणवणार नाही, परंतु संगणक ते टिपतो आणि ते कोणत्या सिलिंडरचे होते हेही ओळखतो.

दिव्याचे नियम

आता मुख्य गोष्ट. एखादा दोष दिसला की संगणक बहुधा लगेच दिवा लावीत नाही. रस्त्यातील खड्डा, पेट्रोलमध्ये आलेला पाण्याचा थेंब अशा क्षणिक कारणांनीही एखादी चूक होऊ शकते. म्हणून तो दोषाची नोंद कच्च्या वहीत करतो आणि वाट पाहतो. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला, तर नोंद पक्की होते व दिवा पेटतो. अमेरिकेतील पद्धतीत बहुतेक दोषांसाठी अशा लागोपाठ दोन फेऱ्या धरतात. इतर ठिकाणच्या मोटारींत हा आकडा थोडाफार निराळा असू शकतो.

फेरी म्हणजे केवळ एंजिन सुरू करून बंद करणे नव्हे. त्या दोषाची तपासणी पूर्ण होईल अशा रीतीने गाडी चालली, तरच ती फेरी धरली जाते. काही तपासण्या सतत चालू असतात, तर काही विशिष्ट परिस्थितीतच होतात. उदाहरणार्थ, अमेरिकेतील मोटारींत पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळते का याची तपासणी असते. पेट्रोल भरल्यावर टाकीचे झाकण सैल राहिले, तरी या तपासणीत दोष दिसतो. पण ही तपासणी एंजिन थंड असताना सुरू झाले आणि टाकी अगदी रिकामी किंवा अगदी भरलेली नसली, तरच होते. त्यामुळे झाकण सैल राहते शनिवारी आणि दिवा पेटतो मंगळवारी. मालकाला या दोन गोष्टींचा संबंधच लागत नाही.

विझण्याचाही नियम आहे. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, तर संगणक दिवा विझवतो. ज्वलन चुकण्याच्या आणि मिश्रण बिघडण्याच्या दोषांबाबत तो अधिक सावध असतो. दोष ज्या गतीला आणि एंजिनावर जेवढा भार असताना दिसला होता, जवळजवळ तशीच परिस्थिती पुन्हा यावी लागते आणि तेव्हा एंजिन ठीक चालावे लागते.

दिवा विझला तरी नोंद मात्र पुसली जात नाही. एंजिन थंड अवस्थेतून नेहमीच्या तापमानापर्यंत ४० वेळा तापेपर्यंत ती स्मरणात राहते. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ 'दोष गेला' असा होत नाही. 'गेल्या काही फेऱ्यांत दोष दिसला नाही' एवढाच तो अर्थ आहे. या दोन विधानांतील फरक समजला, म्हणजे अर्धे काम झाले.

नोंद कशी वाचावी?

चालकाच्या गुडघ्याजवळ फळीच्या खाली १६ टोकांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर जोडला की नोंदवलेले कोड वाचता येतात. 'पी०३०२' हा एक कोड घेऊ. 'पी' म्हणजे एंजिन व गिअर यांचा विभाग. पुढचे '०' सांगते, की हा कोड सर्व कंपन्यांच्या मोटारींत एकाच अर्थाचा आहे. '३' म्हणजे ठिणगी व ज्वलन आणि शेवटचे '०२' म्हणजे दुसरा सिलिंडर. एकूण अर्थ असा, की दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे.

पण ते का चुकते? प्लग खराब आहे, कॉइल खराब आहे, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबला आहे, की तार सैल आहे? कोड हे सांगत नाही. तो फक्त लक्षण सांगतो. निदान माणसालाच करावे लागते.

दुसरा कोड पाहू. 'पी०१७१' म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. ही बातमी ऑक्सिजन संवेदकाकडून येते, म्हणून अनेक जण तो संवेदकच बदलून टाकतात. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखाच हा प्रकार! संवेदक बहुधा खरे बोलत असतो. एखाद्या रबरी नळीला चीर पडलेली असते आणि तेथून न मोजलेली हवा आत शिरत असते. समजा, चिरेतून सेकंदाला ०.५ ग्रॅम हवा शिरते. गाडी उभी असताना एंजिन सेकंदाला २.५ ग्रॅम हवा घेत असेल, तर ही चोरटी हवा त्याच्या २० टक्के झाली. हमरस्त्यावर एंजिन सेकंदाला २५ ग्रॅम हवा घेऊ लागले, की तीच हवा फार तर २ टक्के भरेल. म्हणून शहरातील रहदारीत दिवा पेटतो आणि लांबच्या प्रवासात विझतो. दिवा केव्हा पेटतो यातच दोषाचा पत्ता दडलेला असतो, तो असा.

दोष येतो-जातो का?

येणाऱ्या-जाणाऱ्या दोषांमागे बहुधा चार कारणे असतात: उष्णता, कंपन, ओलावा आणि भार. उष्णतेने धातू व प्लॅस्टिक कमी-अधिक प्रसरण पावतात आणि सैल सांधा सुटतो किंवा जुळतो. कंपनाने तार हलते. ओलाव्यामुळे कॉइलची वीज भलत्याच वाटेने निसटते, म्हणून पावसाळी सकाळी गाडी अडखळते आणि एंजिन तापून ओल सुकली की ठीक चालते. भार वाढला की सिलिंडरमधील हवेचा दाब वाढतो आणि दाबाखालील हवेतून ठिणगी पाडण्यास अधिक विद्युत्‌दाब लागतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर कसेबसे चालणारे काम चढावर अडते.

सैल सांध्याने संगणकाची कशी फसवणूक होते, हे एका गणिताने पाहू. एंजिनातील पाण्याचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा विद्युत्‌रोध तापमान वाढले की कमी होतो. समजा, २० अंश सेल्सिअसला तो २,५०० ओहम आणि ८० अंशांना ३०० ओहम आहे. संगणक ५ व्होल्टचा पुरवठा आपल्या २,००० ओहमच्या स्थिर रोधातून या संवेदकाला देतो आणि संवेदकाच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजतो.

थंड एंजिनात हे व्होल्ट ५ × २,५०० ÷ ४,५००, म्हणजे सुमारे २.७८ येतील. तापलेल्या एंजिनात ५ × ३०० ÷ २,३००, म्हणजे सुमारे ०.६५ येतील. आता एंजिन ८० अंशांवर आहे, पण गंजलेल्या सांध्यात २,२०० ओहमचा जादा रोध आला. ३०० आणि २,२०० मिळून २,५०० झाले. संगणकाला पुन्हा २.७८ व्होल्ट दिसतील. तो समजेल, एंजिन थंड आहे! मग तो थंड एंजिनाला लागते तसे जास्त पेट्रोल सोडील आणि काळा धूर निघेल. सांधा पूर्ण सुटला, तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतील आणि एंजिन उणे ४० अंशांच्या आसपास असल्याचा भास होईल.

हे ओळखायचे कसे? स्कॅनरवर तापमानाचा चालू आलेख पाहता येतो. त्यात तापमान एका सेकंदाच्या आत ८० वरून २० वर येऊन पुन्हा ८० वर गेलेले दिसले, तर विचार करा. एंजिनातले काही लिटर पाणी एका सेकंदात ६० अंशांनी थंड होईल का? ते अशक्य आहे. तेव्हा बदल पाण्याच्या तापमानात झालेला नसून विजेच्या मार्गात झालेला आहे. उष्णतेच्या धड्यातील साध्या ज्ञानाने आपण दोषाचे अर्धे क्षेत्र बाद केले.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल मोटारीत असाच प्रकार झाला. दिवा महिन्यातून एकदा-दोनदा पेटे आणि काही दिवसांनी विझे. एका गॅरेजमध्ये मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड निघाला, म्हणून ऑक्सिजन संवेदक बदलला आणि कोड पुसून टाकला. दिवा अर्थातच विझला. काही हजार रुपये खर्च झाले आणि तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा पेटला.

या वेळी कोड पुसण्यापूर्वी सर्व नोंद वाचली. कोड होता पी०३०२. त्याबरोबर संगणकाने त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवली होती. स्कॅनरवर तिला 'फ्रीज फ्रेम' म्हणतात, आपण 'क्षणचित्र' म्हणू. क्षणचित्रात पाणी ९४ अंश, एंजिन मिनिटाला १,९०० फेरे, वेग ताशी २६ किलोमीटर आणि भार ८६ टक्के अशा नोंदी होत्या. तापलेले एंजिन, कमी वेग आणि मोठा भार, म्हणजे चढ! सहकाऱ्यांना आठवले, की चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाट चढला की एक-दोन दिवसांत दिवा दिसतो.

आता पहिल्या कोडाचाही उलगडा झाला. ज्वलन चुकले की त्या सिलिंडरमधील ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. संवेदकाने 'ऑक्सिजन उरला आहे' असे सांगितले ते खरेच होते. पेट्रोल कमी पडल्याने नव्हे, तर ते न जळल्याने ऑक्सिजन उरला होता.

मग पुढची तपासणी एका वेळी एकच बदल करून झाली. या मोटारीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. एंजिन बंद करून, थंड झाल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल केली. दोष कॉइलमध्ये असता, तर तो तिच्याबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे गेला असता आणि कोड पी०३०३ झाला असता. पण घाटात पुन्हा पी०३०२ हाच कोड आला. म्हणजे कॉइल निर्दोष ठरली. नंतर प्लगची अदलाबदल केली. दोष तरीही दुसऱ्याच सिलिंडरमध्ये राहिला. प्लगही सुटला.

ज्याच्या जागा बदलल्या ते निर्दोष ठरले. जे जागचे हलले नव्हते, त्यांतच दोष असणार. दुसऱ्या सिलिंडरपाशी जागचे न हललेले काय होते? इंजेक्टर, झडपा आणि कॉइलला वीज आणणाऱ्या तारेचा कनेक्टर. मेकॅनिकने एंजिन गरम असताना कनेक्टरची तार हलक्या हाताने हलवली, तशी एंजिनाने उचकी दिली. कनेक्टरची प्लॅस्टिकची खिटी तुटलेली होती आणि आतील पितळी टोकाची पकड ढिली झाली होती.

अशा सांध्याचा रोध एखादा ओहमच असेल, तर त्याने एवढा फरक का पडावा? कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोधच मुळी एका ओहमच्या आसपास असतो. त्यात आणखी एक ओहम पडला, की प्रवाह बराच घटतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह निम्मा झाला, तर ऊर्जा एक चतुर्थांश होते. एवढ्या ऊर्जेत सपाटीवर ठिणगी पडते, पण घाटात भार वाढल्यावर ती पडत नाही. एंजिन थंड असताना सांधा घट्ट राही. म्हणून सकाळी गॅरेजच्या दारात सगळे ठीक दिसे.

नवा कनेक्टर बसवला. त्याला संवेदकाच्या किमतीचा एक लहानसा भाग एवढाच खर्च आला. तरीही 'दिवा विझला' एवढ्यावर कोणी समाधान मानले नाही. तापलेल्या एंजिनाने तोच घाट, त्याच गिअरमध्ये, अनेकदा चढून पाहिला आणि चुकलेल्या ज्वलनांची संख्या स्कॅनरवर पाहिली. ती शून्य राहिली, तेव्हाच दुरुस्ती झाली असे ठरले. ज्या परिस्थितीत दोष दिसत होता त्याच परिस्थितीत तो दिसेनासा झाला, तरच तो गेला असे म्हणता येते.

मोटार असलेल्यांना काय सांगाल?

घरी किंवा शेजारी मोटार असेल, तर तीन गोष्टी अवश्य सांगा.

पहिली, दिवा स्थिर पेटला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरू नये, पण लवकर तपासणी करावी. तो भराभर लुकलुकत असेल, तर मात्र पाय सोडून वेग कमी करावा, सुरक्षित जागी थांबावे आणि गाडी तशीच पुढे रेटू नये. लुकलुकणे म्हणजे ज्वलन फार वेळा चुकते आहे. न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गातील उत्प्रेरक भांड्यात जाऊन जळते आणि त्याचे तापमान हजार अंशांच्या घरात जाऊ शकते. या भांड्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. ती वितळली, तर एका सैल तारेची किंमत कित्येक पटींनी मोजावी लागते आणि विषारी धूर हवेत जातो तो वेगळाच. तेलाच्या दाबाचा किंवा पाणी तापल्याचा तांबडा दिवा हा याहून निराळा आहे. तो पेटला तर एंजिन ताबडतोब बंद करावे.

दुसरी, दिवा पेटला की वहीत नोंद करावी. तारीख, थंड की गरम एंजिन, पाऊस, चढ, वेग, नुकतेच पेट्रोल भरले होते का, हे सर्व लिहावे. चार नोंदी झाल्या की त्यांत साम्य दिसू लागते.

तिसरी, दिवा विझवण्यासाठी बॅटरीची तार काढू नये. तसे केल्याने कोडांबरोबर क्षणचित्रही पुसले जाण्याचा संभव असतो आणि संगणकाने पूर्ण केलेल्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात. दोष जागच्या जागी राहतो आणि पुरावा मात्र नष्ट होतो.

करून पहा

मोटारीच्या एंजिनाशी खेळण्याची गरज नाही. टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब आणि तारेचे चार तुकडे घ्या. सर्व एकापुढे एक असे जोडून बल्ब पेटवा. मग मित्राला तुमच्या नकळत एक सांधा किंचित सैल करायला सांगा. बल्ब मिणमिणेल किंवा टेबल हलले की विझेल. आता सगळ्या तारा एकदम हलवू नका. एका वेळी एकच सांधा हलवा आणि काय होते ते लिहून ठेवा.

प्रयोगशाळेतून व्होल्टमीटर मिळाला, तर आणखी चांगले. बल्ब पेटलेला असताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर लावा. चांगल्या सांध्यापाशी काटा जवळजवळ शून्यावर राहील. सैल सांध्यापाशी मात्र तो हलेल, कारण बल्बच्या वाट्याचे काही व्होल्ट तेथेच खर्च होत असतात. बल्ब आणि सर्व सांधे यांच्यावरील व्होल्ट मिळवा. तारांतील किरकोळ घट सोडली, तर ती बेरीज सेलच्या टोकांमधील व्होल्टइतकी येते का? बल्ब काढून घेऊन हीच मोजणी केली तर सैल सांधा का सापडणार नाही, याचाही विचार करा. उत्तर सापडले, म्हणजे गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत घाटातला दोष का दिसत नाही, हेही तुमच्या ध्यानात येईल.